पुतळा कोसळेपर्यंत शिल्पकार निनावीच का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ शिल्पकार राम वनजी सुतार यांचे डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, निधन झाले. त्यानंतर जे मृत्युलेख माझ्या वाचनात आले, ते सारे एकाच आकड्याभोवती फिरत होते : १८२ मीटर. नर्मदेच्या काठी केवडिया येथे उभा असलेला सरदार पटेलांचा पुतळा जगात सर्वांत उंच आहे आणि तो सुतार यांच्या हातच्या नमुन्यावरून झाला, ही गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. परंतु ज्या माणसाने साठ वर्षांहून अधिक काळ माती, प्लास्टर, काँक्रीट आणि ब्राँझ यांतून माणसांचे चेहरे घडवले, त्याची कारकीर्द टेप लावून मोजली आणि आपण मोकळे झालो, याची रुखरुख मला तेव्हापासून लागून राहिली आहे. धुळ्याचे विमानतळ ज्या गोंदूरच्या शिवारात आहे, त्याच गोंदूरला १९ फेब्रुवारी १९२५ रोजी सुतार यांचा जन्म झाला. मी याच जिल्ह्यात कलाशिक्षक म्हणून आयुष्य काढले, त्यामुळे या पत्रात थोडा आपलेपणाचा सूर उमटला तर वाचकांनी तो समजून घ्यावा. पण पत्र लिहिण्याचे कारण गावाचा अभिमान हे नाही.

कारण एका विद्यार्थ्याच्या प्रश्नात आहे. इंटरमिजिएट परीक्षेच्या सरावासाठी मी मुलांना वर्गाबाहेर काढून शहरातील एका चौकात रेखाटनासाठी नेत असे. तेथे एका राष्ट्रपुरुषाचा पूर्णाकृती पुतळा आहे, आणि खांद्यावरून उतरणाऱ्या उपरण्याच्या चुण्या त्यात इतक्या जाणकारीने घडवल्या आहेत की कापडाचा अभ्यास करायला मुलांना दुसरे काही दाखवण्याची गरज पडू नये. एका मुलाने विचारले, ‘‘सर, हा केला कोणी?’’ आम्ही सगळ्यांनी चौथऱ्याला प्रदक्षिणा घातली. संगमरवरी पाटीवर अनावरण करणाऱ्यांचे नाव होते, अध्यक्षांचे होते, प्रमुख उपस्थितांची आठ-दहा नावे होती, चौथऱ्याच्या सुशोभीकरणाला निधी देणाऱ्यांची वेगळी पाटी होती. शिल्पकाराचे नाव कोठेही नव्हते. पुढे बऱ्याच खटपटीने संबंधित कार्यालयातील जुनी नस्ती पाहायला मिळाली, तेव्हा त्यातही शिल्पकार नव्हता. ‘पुतळा पुरविणे व बसविणे, नग १’ एवढीच नोंद आणि त्यापुढे पुरवठादाराची रक्कम होती. खुर्च्या आणि पंखे यांच्या खरेदीची भाषा तीच असते. त्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही आणि आजही देऊ शकत नाही.

आता याच्या उलट गोष्ट पाहावी. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या निमित्ताने, छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. त्या दिवसाच्या बातम्यांत शिल्पकाराचे नाव शोधावे लागले असते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी शिल्पकाराचे नाव, वय, आधी केलेली कामे, सारे काही पहिल्या पानावर आले. म्हणजे पुतळा उभा असेपर्यंत तो नेत्याचा, समितीचा, पक्षाचा, शहराचा. आणि पडला की तेवढा शिल्पकाराचा. मालवणच्या घटनेत कोणाचा किती दोष, हा न्यायालयाचा विषय आहे आणि त्यात मला शिरायचे नाही. चौकशीत आतल्या सांगाड्याला चढलेला गंज आणि सदोष जोडकाम ही कारणे पुढे आली. समुद्राच्या खाऱ्या हवेत ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना लागून राहिले की आधी लोखंड खाल्ले जाते, हे ओतशाळेत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. प्रश्न असा की तसे ठाऊक असणाऱ्या माणसाला आपण या प्रक्रियेत कोणती जागा देतो. त्याच जागी पुढे २०२५ मध्ये जो ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला, तो सुतार यांच्याच कार्यशाळेतून आला, आणि म्हणून या निमित्ताने त्यांच्या कारकिर्दीकडे नीट पाहावे असे मला वाटते.

सुतार यांच्या घरात लाकूडकाम होते. आडनावातच धंदा आहे, आणि त्याचा त्यांनी कधी संकोच केला नाही. श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकांनी त्यांच्या हातातला गुण ओळखला आणि मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची, म्हणजे ‘जेजे’ची, वाट दाखवली. तेथे १९५३ मध्ये त्यांना शिल्पकलेसाठी मेयो पदक मिळाले. ‘जेजे’च्या शिल्प विभागाची शिस्त त्या काळी कडक होती : आधी ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून अभ्यास, मग समोर बसलेल्या माणसावरून, हाडे आणि स्नायू यांचे पाठांतर, मग पोशाखाच्या चुण्या. या पद्धतीला पुढच्या पिढीतील अनेक कलावंतांनी ‘वसाहतवादी’ आणि ‘निर्जीव’ म्हणून नाके मुरडली, आणि वर्गात तिचा अतिरेक होत असे हेही खरे. पण ज्याला चौकात उभा राहणारा, ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा पुतळा करायचा आहे, त्याला गळ्याचा स्नायू कानामागून निघून कोठे बांधला जातो हे माहीत नसून चालत नाही. लोक दहा फुटांवरून थेट सांगतात, ‘‘हे आमचे दादा नव्हेत.’’ सार्वजनिक स्मारकाच्या शिल्पकाराचा पहिला परीक्षक कलासमीक्षक नसतो, त्या नेत्याच्या गावचा म्हातारा असतो.

‘जेजे’नंतरची चार वर्षे मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची वाटतात, आणि त्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते. १९५४ ते १९५८ या काळात सुतार पुरातत्त्व खात्यात, औरंगाबादला, मॉडेलर म्हणून नोकरीला होते आणि अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील झिजलेल्या, तुटलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम त्यांच्याकडे होते. दुरुस्ती करणाऱ्याला स्वतःचा हात दाखवण्याची मुभा नसते. एखाद्या द्वारपालाचा हात मनगटापासून गेला असेल तर उरलेल्या दंडावरून, कोपराच्या वळणावरून, शेजारच्या मूर्तीच्या लयीवरून त्या कारागिराचे मन ओळखावे लागते आणि त्याच्या मनाप्रमाणेच पुढे जावे लागते. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या एका तरुणाने वेरूळच्या काळ्या दगडासमोर चार वर्षे अशी नम्रतेने काढली, हा योग आपल्या शिल्पकलेच्या इतिहासात वारंवार आलेला नाही. त्यांच्या पुढच्या मोठ्या आकृतींत जो एक स्थिर भारदस्तपणा दिसतो, शरीराचे वजन खाली जमिनीत नेऊन सोडण्याची जी सवय दिसते, ती मला मुंबईच्या वर्गातली वाटत नाही, लेण्यातली वाटते. हे माझे मत आहे, त्याला कागदोपत्री पुरावा नाही.

१९५८ मध्ये ते दिल्लीला केंद्र सरकारच्या जाहिरात व दृश्यप्रसिद्धी संचालनालयात गेले, पण नोकरीत फार काळ रमले नाहीत आणि लवकरच स्वतंत्र शिल्पकार म्हणून उभे राहिले. घरभाडे द्यायचे आहे, ओळखी नाहीत, आणि कामाला महिनोन्‌महिने माती, लोखंड, मजूर लागणार आहेत, अशा अवस्थेत सरकारी पगार सोडण्याचे धाडस किती मोठे, हे नोकरदार वाचकांना सांगायला नको.

त्यांचे नाव पहिल्यांदा देशभर झाले ते चंबळेमुळे. मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावर त्यांनी चंबळ नदीची ४५ फुटी मूर्ती केली : माता आणि तिच्या दोन बाजूंना दोन मुले, म्हणजे तिचे पाणी वाटून घेणारी मध्य प्रदेश आणि राजस्थान ही दोन राज्ये. नद्यांच्या पाण्यावरून राज्याराज्यांत चालणारे तंटे पाहिले की ही कल्पना साधी असली तरी किती नेमकी होती हे जाणवते. काम करण्याची पद्धत मात्र साधी नव्हती. काँक्रीटचा प्रचंड ठोकळा जागेवर उभा करून त्यातून छिन्नी-हातोड्याने ती मूर्ती बाहेर काढण्यात आली. मातीत चूक झाली तर माती पुन्हा लावता येते; काँक्रीटमधून एकदा उडालेला तुकडा परत चिकटत नाही. परांचीवर चढलेल्या माणसाला समोर फक्त गालाचा किंवा पदराचा एखादा हात-दीड हात भाग दिसत असतो, संपूर्ण आकृती डोळ्यांसमोर नसतेच; त्यासाठी दर थोड्या वेळाने खाली उतरायचे, लांब जाऊन पाहायचे आणि पुन्हा चढायचे. शिवाय खालून पाहणाऱ्याला डोके लहान आणि पाय मोठे दिसतात, म्हणून वरचा भाग मुद्दाम थोडा वाढवावा लागतो, आणि तो किती वाढवायचा याचे कोणतेही कोष्टक नाही. हे गणित ज्याच्या डोळ्यांत बसले, त्याच्यापुढे उंची हा केवळ हिशेबाचा भाग उरतो. पुढे साठ वर्षांनी सरदारांच्या पुतळ्याला जे उपयोगी पडले ते ज्ञान गांधीसागरच्या परांचीवर मिळालेले होते.

पंडित नेहरूंना हे काम आवडले आणि भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांचे ५० फुटी ब्राँझ स्मारक सुतार यांच्याकडून करून घ्यावे असे ठरत होते, पण पैशाअभावी ते राहून गेले. मला त्याची आजही हळहळ वाटते. या देशात राजांचे, संतांचे, नेत्यांचे पुतळे अमाप आहेत. धरणाच्या पायात उतरलेल्या माणसाला एवढ्या मापाचे ब्राँझ आपण आजवर फारसे दिलेले नाही.

गांधीजी हा त्यांच्या हाताचा कायमचा विषय. त्यांनी केलेला गांधीजींचा अर्धपुतळा भारत सरकारने अनेक देशांना भेट म्हणून दिला, आणि पाटण्याच्या गांधी मैदानावर दोन मुलांसह उभ्या असलेल्या गांधीजींचा ४० फुटी पुतळाही त्यांचाच. परंतु त्यांचे सर्वांत जास्त पाहिले गेलेले काम कोणते असे विचारले तर मी संसदेच्या आवारातील ध्यानस्थ गांधीजींचे नाव घेईन. १६ फुटांचा हा ब्राँझचा पुतळा २ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते अनावृत झाला. त्यानंतर तीस वर्षे या देशातील प्रत्येक पक्षाचे खासदार, सत्तेबाहेर गेले की, निषेधाचे फलक घेऊन याच पुतळ्यापुढे येऊन बसले. दूरचित्रवाणीवरील बातम्यांत तो पुतळा किती वेळा दिसला असेल याची गणती नाही, आणि ‘संसदेतील गांधी पुतळ्याजवळ’ हे शब्द आपण हवामानाच्या अंदाजाइतक्या सवयीने ऐकत आलो. तो एका खानदेशी सुताराच्या मुलाने केला आहे, हे त्या खासदारांपैकी कितींना ठाऊक होते? नव्या संसद भवनाच्या बांधकामात हा पुतळा मूळ जागेवरून हलवण्यात आला आणि २०२४ मध्ये इतर पुतळ्यांसह आवारातील प्रेरणास्थळ या भागात नेण्यात आला. त्यावर राजकीय वाद भरपूर झाला. ज्या जागेसाठी, ज्या उजेडासाठी आणि ज्या अंतरावरून पाहण्यासाठी शिल्पकाराने तो घडवला त्याचे काय, हा मुद्दा मात्र त्या वादात कोणी काढल्याचे मला आठवत नाही.

पूर्णाकृती पुतळा होतो कसा, हे आपल्या नगरसेवकांनी एकदा तरी जाऊन पाहावे असे मला मनापासून वाटते. छायाचित्रे जमवायची, ती बहुधा समोरून काढलेली, वेगवेगळ्या वयांची आणि अनेकदा फोटो स्टुडिओत हात मारून उजळ केलेली असतात. कानाचा आकार, मानेची मागची बाजू, चालताना झुकणारा खांदा यांचा पुरावा त्यांत क्वचितच मिळतो. मग लहान नमुना, त्यावरून मोठा. लोखंडी सांगाड्यावर माती. ती कित्येक आठवडे ओल्या फडक्यांनी झाकून जिवंत ठेवायची. नेत्याचे कुटुंबीय येतात, समिती येते, कला संचालनालयाची मान्यता याच मातीच्या नमुन्यावर घ्यावी लागते. नाक थोडे सरळ करा, पोट थोडे आत घ्या, चेहऱ्यावर ‘तेज’ आणा, अशा सूचना होतात, आणि शिल्पकाराचे खरे कसब कित्येकदा त्या सूचना मान्य केल्यासारखे दाखवून माणूस शाबूत ठेवण्यात असते. त्यानंतर प्लास्टरचा साचा, मेण, पुन्हा साचा, भट्टी, तुकड्यातुकड्यांनी ओतकाम, जोडकाम, कानस, आणि शेवटी रसायनांनी रंग बसवणे. यातील कोणताही टप्पा ‘पुण्यतिथीच्या आत’ उरकता येत नाही. तरीही आपल्याकडे अनावरणाची तारीख आधी ठरते, पाहुण्यांच्या होकाराचे पत्र नस्तीत आधी लागते, आणि शिल्पकाराला उरलेले महिने सांगितले जातात.

सरदारांच्या पुतळ्याविषयीही हेच सांगितले पाहिजे. तो इतका उंच आहे याचे श्रेय अभियंत्यांचे आहे, आणि ते मोठे आहे. पण चालत्या पवित्र्यातला, पायांत चप्पल, खांद्यावरून शाल सुटलेली, हात बाजूला सहज सोडलेले, असा सरदार हा निर्णय शिल्पकाराचा होता, आणि अभियंत्यांपुढील अडचण त्यातूनच जन्मली. कारण एवढ्या प्रचंड आकृतीचा बुंधा दोन पायांवर आणि त्यांतल्या मोकळ्या जागेवर येऊन अरुंद झाला. आसनावर बसवलेला किंवा घोळदार झग्यातला नेता केला असता तर बांधकाम कितीतरी सोपे झाले असते. सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल सुतार यांनी तीन, अठरा आणि तीस फुटांचे नमुने क्रमाने केले. तीस फुटी नमुन्याचे संगणकीय मोजमाप घेऊन तो वाढवण्यात आला आणि ब्राँझची आवरणे चीनमधील ओतशाळेत तयार झाली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकार्पण झाले तेव्हा सुतार ९३ वर्षांचे होते.

येथे एक अप्रिय मत नोंदवतो. सुतार यांच्याविषयी मला अपार आदर आहे, पण त्यांचे सर्वांत उंच काम मला त्यांचे सर्वोत्तम काम वाटत नाही. माणसाचा चेहरा वाचण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की आपण चेहरा पाहत नाही, आकार पाहतो. संसदेतील गांधीजींच्या पापणीची घडी जमिनीवरून दिसते. केवडियाला सरदारांच्या भुवईचा विचार करायला कॅमेऱ्याचे भिंग लागते. बंगळूरच्या विमानतळावर त्यांनी केलेला केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला, मुंबईत इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांचा ३५० फुटी पुतळा त्यांच्याच नमुन्यावरून आकाराला येत आहे, आणि या साऱ्यांचे कौतुक करताना आपण एका कसबी व्यक्तिशिल्पकाराला हळूहळू विक्रमांच्या यादीत नेऊन बसवले. तो दोष त्यांचा नव्हे. मागणी करणारे आपण, आणि आपल्याला ‘अमुकपेक्षा उंच’ एवढेच मागता येते.

ही उपेक्षा केवळ सुतार यांच्या वाट्याला आलेली नाही. उलट पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६) आणि शंभरी भरल्यावर का होईना जाहीर झालेला महाराष्ट्रभूषण, यांमुळे त्यांचे नाव तरी टिकले. शिर्डीच्या समाधी मंदिरात साईबाबांच्या ज्या संगमरवरी मूर्तीपुढे रोज हजारो माणसे हात जोडतात, ती १९५४ मध्ये बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली. घरोघरच्या देव्हाऱ्यांत, रिक्षांच्या काचांवर, दुकानांच्या गल्ल्यांवर बाबांची जी बसण्याची ढब दिसते तिच्यात तालीम यांच्या छिन्नीचा वाटा मोठा आहे, आणि तालीम हे नाव शंभरातल्या दोन भाविकांना तरी माहीत असेल का याची मला शंका आहे. गिरगाव चौपाटीवरचे लोकमान्य रघुनाथ कृष्ण फडके यांचे. संसदेच्या आवारात १९६७ मध्ये उभे राहिलेले डॉ. आंबेडकर ब्रह्मेश वाघ यांचे. विद्यार्थी असतानाच ‘मंदिरपथगामिनी’ घडवून थोरामोठ्यांना चकित करणारे गणपतराव म्हात्रे तर आज कलाशाखेच्या प्रश्नपत्रिकेपुरते उरले आहेत.

आणि अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी त्याला ‘जेजे’त पाठवले, पुढे कलकत्ता, लंडन असा प्रवास करून आलेल्या करमरकरांनी पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवला. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये पायाभरणी झालेले हे स्मारक जून १९२८ मध्ये पूर्ण झाले. तो घोडा आजही घोडा आहे, त्याचे वजन त्याच्या पायांवर आहे, आणि स्वार त्याच्यावर बसलेला आहे, ठेवलेला नाही. नंतरच्या अनेक चौकांतील घोडे पाहिल्यावर या वाक्याचा अर्थ वाचकांच्या लक्षात येईल.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक सार्वजनिक पुतळ्याच्या चौथऱ्यावर शिल्पकाराचे नाव, ओतशाळेचे नाव, वापरलेला धातू किंवा दगड आणि घडवल्याचे वर्ष ही चार ओळींची माहिती, अनावरण करणाऱ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत, कोरलेली असावी; आणि ही अट पुतळ्याला परवानगी देतानाच घातली जावी. यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने निर्मात्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क दिलेलाच आहे, आणि तो हक्क कृती विकल्यानंतरही त्याच्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी केलेले ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने उतरवून गोदामात टाकले, तेव्हा सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सरकारी मालकीची वस्तूदेखील शिल्पकाराची राहते, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. मात्र प्रत्येक शिल्पकाराला सव्वीस वर्षे थांबणे परवडत नाही, आणि तालुक्याच्या गावी पुतळे करणाऱ्याला तर पुढचे काम मिळवायचे असते.

कोणी म्हणेल, नाव कोरून पुतळा चांगला होतो का? होत नाही. पण ज्याचे नाव पुढची शंभर वर्षे चौथऱ्यावर राहणार आहे तो ‘आठ महिन्यांत बसवून द्या’ या मागणीला नाही म्हणण्याची हिंमत अधिक करेल, आणि ज्या ओतशाळेचे नाव दगडात आहे ती आतल्या सांगाड्याच्या जोडाकडे दोनदा पाहील. पुरवठादाराला हे भय नसते, कारण तो नस्तीत असतो आणि नस्ती कपाटात असते. याच्याच जोडीला, मोठ्या पुतळ्यांच्या आतल्या सांगाड्याची तपासणी करता येईल असे एक छोटे दार चौथऱ्यात ठेवावे आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी ते उघडून नोंद करावी. जयंतीला हार घालण्यासाठी आपण शिडी लावतोच; तिच्यावरून एकदा अभियंताही चढावा.

सुतार यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लवकर व्हायला हवी. त्यांचे काम नोएडाच्या कार्यशाळेत झाले, आणि अशा कार्यशाळांत मातीवरून घेतलेले प्लास्टरचे नमुने असतात. मला विचाराल तर शिल्पकाराचा खरा हात ब्राँझपेक्षा त्यांतच दिसतो, कारण ओतकामात आणि कानशीत काही ना काही पुसले जाते. हे नमुने जागा खातात, ओलीने भुसभुशीत होतात, आणि कर्ता गेल्यावर घरच्यांना त्यांचे काय करावे हे कळत नाही. राज्य सरकारने त्यांच्या कुटुंबीयांशी बोलून त्यांतील निवडक नमुने धुळ्याला आणावेत. ज्या शहराने राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्यांचे कागद जपले, त्याला काही प्लास्टरचे चेहरे जपणे जड जाणार नाही. खानदेशातला जो मुलगा आज गणपतीच्या कारखान्यात हंगामापुरते माती मळायला जातो, त्याला चंबळेच्या चेहऱ्याचा नमुना हात लावता येईल एवढ्या अंतरावर पाहायला मिळाला पाहिजे. मुंबईचे भाडे न भरता.

करमरकरांच्या पुण्यातील अश्वारूढ पुतळ्याला जून २०२८ मध्ये शंभर वर्षे होतील. निदान तोपर्यंत राज्यातील महापालिका आणि नगरपालिकांनी आपापल्या हद्दीतील पुतळ्यांच्या शिल्पकारांची नावे शोधून काढून चौथऱ्यांवर लावावीत. जुन्या नस्त्यांत ती सापडणार नाहीत हे मी अनुभवाने सांगतो. ती सापडतील जुन्या वृत्तपत्रांच्या अनावरणाच्या बातम्यांत, शिल्पकारांच्या घरच्या वह्यांत आणि ओतशाळांच्या पावत्यांत. आम्ही काही निवृत्त कलाशिक्षकांनी धुळे जिल्ह्यापुरते हे काम हाती घेण्याचे ठरवले आहे. आपल्या दैनिकाने जुन्या अंकांचे दप्तर आम्हाला पाहू दिले, तर त्या चौकातल्या उपरण्याच्या पुतळ्यापासून सुरुवात करू.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक, धुळे